ओला बोंबील

वच्छलाबाईनं उभ्या आयुष्यात कोणाजवळ काही मागितलं नाही, आणि मागितलं तेव्हा काय मागितलं? ओला बोंबील! आता बोला. साडी मागितली असती तर पोरानं मलकापुरातून आणून दिली असती. एखादा देव बघायचा म्हटलं असतं तर गाडी काढली असती. पण धामणगाव बढ्यासारख्या गावात, जिथं नजर टाकाल तिकडे कपाशी आणि मका, तिथं बसून ही बाई मागते काय, तर समुद्रातून आत्ता काढलेला बोंबील. भागवतला आधी हसू आलं. मग आईनं पहिल्यांदाच काही मागितलंय हे ध्यानात आलं आणि हसू गेलं.

तसा बोंबील त्या घराला नवा नव्हता. बाजारच्या दिवशी गोणपाटावर सुकट, झिंगे आणि बोंबलांचे ढीग लागतात, काड्यांसारखे वाळलेले. वच्छलाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिथूनच घेत आली. निखाऱ्यावर भाजायचा, डोकं मोडून टाकायचं, लसूण-मिरचीसोबत पाट्यावर रगडायचा आणि ज्वारीच्या भाकरीवर घ्यायचा. त्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. पण नवी नवरी असताना तिनं एकदा सासूला विचारलं होतं, "आत्याबाई, हा वायल्याआंधी कसा लागत असन?"

"तुले काय करा लागते?" सासू म्हणाली. "वायला तं वायला. भाज."

वाळला तर वाळला, सासूच्या लेखी विषय संपला. वच्छलाबाईच्या मनात मात्र तो तसाच राहिला. दर खेपेला बोंबील भाजताना ती घडीभर त्याच्याकडे बघायची आणि मग उलटवायची.

हे एकाएकी वर आलं ते माळेमुळे. भागवतचे वडील किसनराव माळकरी. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या. त्यांचा स्वयंपाक आत. मटण-मासोळी करायची तर बाहेर गोठ्याच्या अंगाला, वेगळ्या भगुण्यात, वेगळ्या पळीनं. त्यातूनही वास आत आला की किसनराव खोकायला लागायचे. खोकला-बिकला काही नाही हो, वासाचा निषेध! "घरात एक चूल असा लागते," हे त्यांचं पालुपद ऐकून ऐकून भागवतचे कान किटले होते.

आणि छकुली. भागवतची पोरगी तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढेना. बुलडाण्याचे डॉक्टर झाले, अकोल्याचे झाले. एक दिवस वच्छलाबाई एकटीच गावातल्या विठ्ठलाच्या देवळात गेली आणि म्हणाली, "नात बोलू दे, मी माळ घालीन." नात बोलली. आता अशी बोलते की तिला गप्प बसवायला दुसरा नवस बोलावा लागेल, असं प्रेरणा, म्हणजे भागवतची बायको, म्हणते.

नवस फेडायचा तर होताच. यंदाच्या सप्ताहात कीर्तन संपल्याबरोबर किसनराव भर मांडवात उठून उभे राहिले आणि महाराजांना सांगून मोकळे झाले, की आषाढ वद्य एकादशीला आमच्या घरून माळ घालतात. विठ्ठल-विठ्ठल झालं, लोकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. वच्छलाबाईला ही बातमी दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत, दळणाच्या रांगेत उभी असताना कळली. घरी येऊन तिनं पिठाचा डबा जागेवर ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

"माय," भागवत म्हणाला, "एकदा माळ गयात पडली का संपलं. तुले काय खाऊ वाटते ते आताच सांग."

तेव्हा तिनं ओला बोंबील सांगितला.

भागवत हट्टाचा माणूस. एकदा घेतलं डोक्यात की घेतलं. त्यानं आणि प्रेरणानं मिळून फोनवर अलिबागचे व्हिडिओ बघितले. कुठल्या हाटेलात मासोळी ताजी, कुठली खानावळ कोळणीची, कोणाचा रस्सा तिखट, सगळं पाठ केलं. जायचं कधी, हा प्रश्नच नव्हता. पेरणी झाली, पहिलं डवरण, म्हणजे कोळपणी झाली, की आपल्याकडे माणूस दोन दिवस मोकळा होतो. त्यात आखाड. आखाडात सारं वऱ्हाड खाऊन घेतं, मग समुद्राच्या काठावर तर दिवाळीच असेल! इतकं सरळ गणित होतं. त्यात कुठं चूक आहे असं धामणगावातल्या एकाही माणसाला वाटलं नाही, आणि विचारलं तर भागवतनं अख्ख्या गावाला होतं.

किसनराव म्हणाले, मीही येतो. का, तर बाईमाणूस एवढ्या लांब जाते. खरं कारण वेगळं होतं. एकादशीच्या आधी हे बोंबलाचं प्रकरण एकदाचं आटोपलं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी आपली भाकरी, ठेचा आणि दशम्या फडक्यात बांधून घेतल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

पुढचं सगळं पावसातच झालं. पुण्यापर्यंत भुरभुर होती. घाट उतरल्यावर मात्र असा कोसळायला लागला की काचेवरचा वायपर नुसता नावाला. किसनराव दर थोड्या वेळानं म्हणायचे, "आपल्या तिकडं पडाले पायजे हा." मागं वच्छलाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन बसली होती. जणू कोणाच्या घरी पाहुणी निघाली होती. प्रेरणाचा फोन आला, मधूनच छकुलीनं हिसकावून घेतला. "आजी, खाल्ला का बोंबील?"

"अजून नाई वं माय."

"काऊन?"

"जाऊन राह्यलो ना आता."

अलिबागात शिरल्याशिरल्या भागवतनं गाडी थेट त्या हाटेलासमोर उभी केली, जे त्यानं इतक्या वेळा बघितलं होतं की दाराचा रंगही पाठ होता. वर मोठ्या अक्षरात 'ताजी मासळी'. आत टेबलं रिकामी. भागवतला वाटलं, बरं झालं, गर्दी नाही. गर्दी का नाही, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पोटात भूक असली म्हणजे माणसाचं डोकं चालत नाही.

किसनराव गाडीतच बसले, काच वर करून. मायलेक आत गेले. वेटर आला, पाणी ठेवलं.

"ओले बोंबील आना भाऊ," भागवत म्हणाला. "तयलेले बी, रश्श्यातले बी."

"बोंबील नाहीत."

"नाई म्हंजे? संपले?"

"नाहीतच. पापलेट आहे, सुरमई आहे. सुकं करू की रस्सा?"

वच्छलाबाई पुढं झाली. "सुकं तं आमी घरीच खातो ना बाप्पा. सुकं खायाले इतक्या दूर कोन येते? ओलं पायजे."

वेटरला काही कळेना. त्याच्या भाषेत सुकं म्हणजे घट्ट मसाल्यातलं, आणि तिच्या भाषेत सुकं म्हणजे बाजारातल्या गोणपाटावरचं. दोघं आपापल्या जागी बरोबर होते आणि भागवतला मधल्यामध्ये घाम फुटला. शेवटी त्यानं विचारलं, "बरं, ते पापलेट ताजं हाये ना? आजचं?"

वेटर भला माणूस निघाला. त्यानं मालकाच्या गल्ल्याकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "साहेब, आत्ता ताजं कुठून येणार? बर्फातलं आहे. बोंबील बर्फात टिकत नाही, त्याचं पाणी होतं, म्हणून ठेवत नाही. समुद्र बंद आहे ना."

"समुद्र बंद?" भागवतचा आवाज चढला. "समुद्र बंद कसा होते भाऊ? शटर हाये का त्याले?"

वेटर हसला आणि ऑर्डर घ्यायची वही खिशात घालून उभा राहिला. भागवतला वाटलं, हा थट्टा करतोय. वऱ्हाडी बोली ऐकली की या लोकांना थट्टा सुचते, हा त्याचा जुना अनुभव. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चाल माय," म्हणून तो उठला. वच्छलाबाईनं पाण्याचा पेला तेवढा पिऊन संपवला, फुकट जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या हाटेलात मालक स्वतः पुढं आला. सुरमई एकदम फ्रेश, म्हणाला, कालच ट्रक आला.

"ट्रक?" भागवत म्हणाला. "कोठून?"

"विशाखापट्टणमहून. तिकडचा समुद्र चालू आहे सध्या."

भागवतनं कपाळाला हात लावला. म्हणजे मासोळीही गाडीत बसूनच आली होती! काय सांगावं, जालन्याजवळ ज्या ट्रकाला त्यानं साईड दिली, त्यातच असेल. तिकडून निघालेली सुरमई आणि इकडून निघालेला भागवत, दोघं भिजत भिजत अलिबागला भेटायला आले म्हणायचं. वच्छलाबाईनं स्वयंपाकघराच्या दारातून मासोळी पाहिली, बोटानं दाबली. "शिळी हाये," म्हणाली, आणि वळली. मालक मागून काहीतरी पुटपुटला. भागवतनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, कारण आईसमोर भांडण नको होतं.

तिसऱ्या ठिकाणी जिताडा नावाचा मासा होता. जिवंत म्हणाले. भागवतचा जीव भांड्यात पडला. आत्ता धरून आणतो, म्हणाले.

"समुद्रातला?" वच्छलाबाईनं विचारलं.

"नाही, तळ्यातला. आमच्याच शेततळ्यातला."

"तयं तं आमच्या नळगंगेचं हाये," ती म्हणाली. "तयाची मासोयी मी लहानपनापासून खाल्ली."

"अवं माय, खाऊन त घे!" भागवत आता खरंच ओरडला. "मासोयी ते मासोयी. एवढं काय?"

तिनं पिशवी उचलली. हाटेलातल्या दोन माणसांनी वळून पाहिलं, आणि भागवतला लाज वाटली. त्या लाजेचाही त्याला रागच आला. पावसाचा राग आला, व्हिडिओवाल्यांचा आला. ते सगळे व्हिडिओ डिसेंबरातले होते आणि एकाही लेकाच्यानं तसं सांगितलं नव्हतं. बाहेर गाडीत किसनराव दशमी खात बसले होते. त्यांच्या शांतपणाचा तर सगळ्यात जास्त राग आला.

"झालं का खाऊन?" त्यांनी काच थोडी खाली करून विचारलं.

"नाई झालं!"

"मंग दाल-भात खाऊन घ्या बुवा, आन चला. घाटात धुकं धरते."

भागवतनं गाडी फिरवली ती सरळ समुद्राकडं. हाटेलवाले खोटारडे असतील, पण समुद्र काय खोटं बोलतो? गाडी जिथवर गेली तिथवर नेली, आणि तिथं गचकन ब्रेक दाबला. होड्या. ओळीनं सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, वर निळी-काळी प्लास्टिकं बांधलेली, दोरखंड आवळलेले. आपल्याकडे पाऊस लागला की कुटाराचा, गुरांच्या भुशाचा, ढीग झाकतात ना, तशा. पाण्यावर एक होडी नाही. आणि पाणी असं उसळत होतं की बघवत नव्हतं.

वच्छलाबाई छत्री घेऊन उतरली. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होती. बराच वेळ बघितला तिनं.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन त्यात एक बोंबील नाई?"

हे ऐकून मागं कोणीतरी खळखळून हसलं. पत्र्याच्या पडवीत एक म्हातारी कोळीण जाळं मांडीवर घेऊन फाटलेली भोकं शिवत बसली होती. तिचं नाव चांगुणाबाय. हसता हसता ती उठली आणि तिनं वच्छलाबाईला हाताला धरून पडवीत ओढलं. "आगो बाय, भिजशील! कुठनं आलीस?"

"बुलडाण्याकडून. बोंबील खायाले."

"आता?" चांगुणाबायनं कपाळावर हात मारला. "आता कुठनं मावरं येल बाय? या दिसांत मावरं अंडी घालतं, दर्या खवललेला असतो. होड्या वर घेतल्यान्. नारली पुनवंला नारल सोडू, मंग दर्या उघडंल. तोवर आमच्याच चुलीवर ताजं मावरं नाय, तर तुला कुठनं देऊ?"

भागवत पावसातच उभा होता. म्हणजे समुद्राला शटर होतं! आणि ते नेमकं तेव्हा पडत होतं जेव्हा वऱ्हाडातला शेतकरी मोकळा होतो. याची पेरणी संपते, तेव्हा त्यांची होडी वर चढते. यानं आखाड म्हणून खायला निघावं, तर त्यांच्याच चुलीवर मासोळी नाही. पेरणीचं त्याला सगळं कळत होतं, कोणत्या नक्षत्रात काय पेरायचं ते झोपेत विचारा. पण पाण्यालाही पेरणी असते, हे त्याच्या बापजाद्यांनाही ठाऊक नव्हतं. आता चिडायचं तरी कोणावर?

"जेवाला चला," चांगुणाबाय म्हणाली. "उपाशी नाय जायाचा. जे हाय ते खावा."

आत चूल पेटलेली होती. तांदळाच्या भाकरी, भात, आणि वाफाळतं कालवण. वच्छलाबाई पाटावर बसली. चांगुणाबायनं ताटात कालवण वाढलं, आणि भागवतनं वाकून बघितलं.

सुका बोंबील.

तोच, काडीसारखा वाळलेला, उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरून ठेवलेला. पावसाळ्यात समुद्राकाठची माणसंही तोच खातात. भागवतला हसावं की रडावं कळेना. "अवं मावशी," तो म्हणाला, "हा तं आमच्या बजारात बी भेटते! याच्यासाठी मी निम्मा महाराष्ट्र पालथा घातला काय?"

"मंग तुमच्या बजारात जातो तो इथनंच जातो ना?" चांगुणाबाय म्हणाली आणि त्यालाही ताट वाढलं.

वच्छलाबाई जेवली. भाकरी कुस्करून, कालवण ओरपून, नीट जेवली. भागवत भाकरीचा तुकडा कालवणात नुसता फिरवत होता, आणि ती दुसऱ्यांदा कालवण मागून घेत होती. जेवण झाल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कोळणीसमोर बसून तिला तोच प्रश्न विचारला, जो नवी नवरी असताना सासूला विचारला होता. "बाई, हा वायल्याआंधी कसा लागते वं?"

चांगुणाबाय "तुले काय करा लागते" असं म्हणाली नाही. तिनं विचार केला. सांगायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "कसा सांगू? मऊ लागतो. तोंडान टाकलास का हाय-नाय करीपर्यंत जातो. गोड लागतो, पन साखरंसारका नाय..." मग हात झटकला. "नाय बाय, सांगून नाय कलाचा. खावालाच लागंल."

मग तिनं उलट विचारलं, "आमी तुमचा मूग खाताव, सुकलेला. मूग शेंगंन असतो तवा कसा लागतो?"

वच्छलाबाईनं सांगायला तोंड उघडलं. आणि तिलाही येईना. हिरव्या मुगाची शेंग बोटानं सोलायची, दाणा तोंडात टाकायचा, पुढं काय सांगणार? दोघी एकमेकींकडे बघून अशा हसायला लागल्या की भागवतला वाटलं, आपण इथं कोणी नाहीच.

"पुनवंनंतर ये," चांगुणाबाय म्हणाली. "पयल्या होडीचा बोंबील तुला मी सोता तलून देतंय. शेंगा घिऊन ये."

वच्छलाबाईचा चेहरा उजळला. ती काही बोलणार, तेवढ्यात भागवत मध्ये पडला. "नाई जमत, मावशी. एकादशीले तिची माळ हाये. मंग तिले चालत नाई."

आता हे काय खोटं होतं? खरंच होतं. तरी वच्छलाबाईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. असं पाहिलं, जसं गिरणीच्या रांगेत त्या बाईकडे पाहिलं असेल, जिनं तिला तिच्याच माळेची बातमी दिली. बाहेर किसनरावांनी हॉर्न दाबला.

परतीच्या वाटेवर बोलले ते एकटे किसनराव. त्यांचं म्हणणं, देवाचीच इच्छा नव्हती, म्हणून मिळाला नाही. भागवतनं गिअर असा टाकला की गाडी कण्हली.

घरी आल्यावर छकुलीनं पुन्हा विचारलं, "आजी, खाल्ला का बोंबील?" आणि काऊन, काऊन करून भंडावून सोडलं. प्रेरणानं भागवतला बाजूला घेऊन विचारलं, "तुमी व्हिडिओखालच्या कमेंटा नाई वाचल्या?" त्यावर तो जे बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. पुढचे दिवस तो उठला की शेतात आणि काळोख पडला की घरात. आईच्या समोर बसवतच नव्हतं त्याला. आईला आयुष्यात एक गोष्ट द्यायची होती, ती त्याच्यानं झाली नाही, आणि आता कधी होणारही नव्हती.

दशमीच्या संध्याकाळी भजनी मंडळाचे रामराव आले. किसनरावांनी ताटात नवी माळ, हार, बुक्का सगळं मांडून ठेवलं होतं. चेहरा असा खुलला होता की उद्या त्यांचंच लग्न आहे. भागवत नुकताच शेतातून येऊन ओट्यावर पाय धूत होता. प्रेरणानं चहा आणला.

"वहिनी," रामराव म्हणाले, "सकायी लवकर या बरं. महाराज येऊन राह्यले. पयलं नाव तुमचं हाये."

वच्छलाबाई सूप हातात घेऊन दारात आली. "रामराव भाऊ, माहं नाव काढा उद्याचं."

किसनरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हन्ते?"

"उद्या नाई घालत मी माळ. मले बोंबील खायाचा हाये."

ओटा एकदम चूप. छकुलीसुद्धा. रामरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अवं तुले येड लागलं काय?" किसनराव उठून उभे राहिले. "देवाले शब्द देल्ला ना तू? नात बोलू दे, माळ घालीन म्हनलं ना?"

"म्हनलं. घालीनच. पन कवा घालीन, हे कुठी म्हनलं?" तिनं सूप खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, रोजचाच होता. "नवस माहा हाये. तारीख तुमची हाये. मले तं ते गिरनीत समजलं."

"आन देव कोपला तं?"

"कायले कोपन? समुद्र तं त्यानंच बंद केला."

रामराव हसले, मग किसनरावांचं तोंड बघून हसू गिळलं. किसनरावांनी ताटातला हार उगाच सारखा केला. शेवटी भागवतकडे वळले. "सांग बे तुह्या मायले काही! पाहून काय राह्यला?"

भागवतनं तोंड उघडलं. इतके दिवस तो समुद्रावर चिडला होता, पावसावर, व्हिडिओवर, बापावर. आणि आता त्याला चांगुणाबायची पडवी आठवली, आणि आईच्या तोंडातलं बोलणं कोणी काढून घेतलं तेही आठवलं. बापानं मांडवात केलं तेच त्यानं चुलीपाशी केलं होतं. अलिबागला कधी जायचं, हे तरी त्यानं आईला कुठं विचारलं होतं? पेरणी झाल्यावर, म्हणाला होता. आपणच.

"मी नेतो तुले, माय," तो घाईघाईनं म्हणाला. "पुनव झाली का नेतो. फक्त तवा फवारनी राहते कपाशीची, ते एवढी आटोपली का..."

"तू फवारनीच कर बाप्पा," वच्छलाबाई म्हणाली. "मी अन् प्रेरणा जाऊ, एसटीनं. मुंगाच्या शेंगा धरतीन तवा. अन् बोलावनं मले देल्लं हाये त्या बाईनं, तुमाले कोनाले नाई."

तिनं ताटातली माळ उचलली, कपाळाला लावली आणि देवाजवळच्या खुंटीला अडकवून आली. मग सूप उचलून मागच्या दारानं बाहेर गेली. भागवत ओले पाय तसेच ठेवून ओट्यावर बसून राहिला. रामराव कधी उठून गेले, त्याला कळलंही नाही.

थोड्या वेळानं गोठ्याकडून भाजलेल्या बोंबलाचा वास आला. किसनराव खोकले. मग जरा मोठ्यानं खोकले.

"खोका," बाहेरून आवाज आला. "कार्तिकी एकादशीपावतर खोका आता."